कोडिंगच्या आधी उद्यमबाग बघा

बिझनेस ॲनालिस्ट व्हायचं तर आधी कोडिंग शिका आणि बेंगळुरू गाठा, हा एका लेखातला सल्ला मला पटला नाही. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), एक्सेल पक्कं हवंच. पण खरं काम म्हणजे माणसांना नेमकं काय हवंय ते त्यांच्याकडून काढून घेणं, आणि ते शिकायची जागा आपल्या बेळगावातच आहे. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, जाऊन बघा. कास्टिंग (ओतलेला भाग) रिजेक्ट झालं की मोल्डिंगवाला साच्याच्या वाळूला दोष देतो, भट्टीवाला पॅटर्नला (ज्यावरून साचा बनतो तो नमुना), आणि रजिस्टरात कारणाच्या रकान्यात नुसतं 'खराब'. मालक म्हणतो, सॉफ्टवेअर बसवा. अहो, आधी तो रकाना नीट करा! रिजेक्ट कोण ठरवतो, कशावरून, पुढे कुणाला कळवतो, हे विचारून कागदावर मांडणं हेच ॲनालिस्टचं काम. एकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडात बोलणारी आपली सीमाभागातली पोरं इथं मुळीच कमी पडणार नाहीत.

क्लासची फी भरण्याआधी एवढं तपासा: आयआयबीए या बिझनेस ॲनालिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ईसीबीए या सुरुवातीच्या प्रमाणपत्राला कामाच्या अनुभवाची अट नाही, सीबीएपी या वरच्या प्रमाणपत्राला मात्र ७५०० तासांचा अनुभव लागतो.

खानापूर, निपाणीकडच्या बी.कॉम.वाल्यांनी तर या क्षेत्रात बिनधास्त यावं. जमाखर्च आणि जीएसटी कळणारा माणूस टीमला हवाच असतो.