संस्थानिकाला सुधारणा कशा पाजाव्यात

समजा, उद्या एखाद्या संस्थानात रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, म्हणून तुमची नेमणूक झाली. घाबरू नका. राजाच्या मागे सुधारणांचा लकडा लावायचा आणि त्या त्याच्या हातून पार पडू द्यायच्या नाहीत, एवढंच काम असतं. या विद्येतले आमचे गुरू म्हणजे १८७३ साली बडोद्याला आलेले कर्नल फेअर.

राजा मात्र खरोखरच वाईट हवा. मल्हारराव गायकवाड या बाबतीत उत्तम. थोरले बंधू खंडेराव यांनी त्यांना पादरा गावी कैदेत ठेवलं होतं. १८७० मध्ये खंडेराव वारले, मल्हारराव गादीवर बसले आणि आधीच्या कारभाऱ्यांवर सूड उगवू लागले. रयत शेतसाऱ्याखाली पिचत होती आणि महाराज सोन्याच्या तोफा ओतून घेत होते. तुम्हाला काही खोटं रचावं लागत नाही, ही केवढी सोय! प्रजेचे हाल खरे असले की साहेबाचा कळवळाही खरा धरला जातो.

मग कमिशन बसवा. त्याचा अहवाल आला की व्हाइसरॉयचा खलिता जाऊ द्या. जुलै १८७४ मध्ये लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी मल्हाररावांना बजावलं, ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत कारभार सुधारा. मुदत अशी ऐसपैस द्यावी. ती पाळायची असते असं थोडंच आहे?

खरा धोका यापुढे. राजा ऐकतो! मल्हाररावांनी दिवाण म्हणून चक्क दादाभाई नौरोजींना आणलं. इंग्लंड हिंदुस्थानचं किती देणं लागतं, याचा हिशेब लंडनमध्ये उभं राहून मांडणारा हा गृहस्थ. असा माणूस उद्या खरंच कारभार सुधारायचा! तेव्हा त्याच्या नेमणुकीला आधीपासूनच विरोध करा आणि त्याला सुखाने काम करू देऊ नका. फेअरसाहेबांनी हे इतकं मनापासून केलं की २ नोव्हेंबर १८७४ ला महाराजांनीच खलिता लिहून रेसिडेंट बदलून मागितला.

आठवडाभरात, ९ नोव्हेंबरला, साहेबांच्या पपनसाच्या सरबतात सोमल नावाचं विष आणि हिऱ्याची पूड निघाली. (सरबत नेहमी दोन घोट घेऊन फेकावं. ग्लासाच्या तळाशी पुरावा उरतो.) फेअरना हलवलं, त्यांच्या जागी सर लुईस पेली आले, जानेवारीत विषप्रयोगाच्या संशयावरून महाराजांना अटक झाली आणि दादाभाई राजीनामा देऊन मोकळे झाले.

चौकशीला तीन इंग्रज आणि तीन हिंदी माणसं बसवा, म्हणजे न्याय कसा समतोल दिसतो. निकाल मात्र आधी मोजून घ्या. बडोद्यात हे राहिलं. लंडनहून आलेल्या महाराजांच्या वकिलाने, सार्जंट बॅलंटाइनने, साक्षीदारांना असं सोललं की जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव यांना गुन्हा शाबीत झालाय असं वाटेना. तिघा इंग्रजांना मात्र वाटलं. तीन विरुद्ध तीन!

गडबडू नका. विषाचा विषय बाजूला ठेवा आणि जाहीर करा की गैरवर्तन, अंदाधुंदी आणि सुधारणा करण्याची नालायकी यासाठी महाराजांना पदच्युत केलंय. हे झालं एप्रिल १८७५ मध्ये. मुदत संपायला आठ महिने होते, पण नालायकी आधीच कळली तर वाट कशाला बघायची? मल्हाररावांची रवानगी मद्रासला करा आणि गादीवर लहान मुलगा बसवा. नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ मे महिन्यात सयाजीराव झाला. आता सगळं तुमच्या मनासारखं होईल.

एकच भीती. तो मोठा होऊन खरंच सुधारणा करत सुटेल. १९०६ साली सयाजीरावांनी अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पाठोपाठ गोखल्यांनी तसंच विधेयक थेट तुमच्या सरकारपुढे ठेवलं. अशा वेळी मुदतबिदत मागू नका. विधेयक सरळ फेटाळा आणि फाइलीवर शेरा मारा: रयत अद्याप तयार नाही.