चष्म्याला पैसे लावणारे बेव्हन नव्हेत

माझी भाची कार्डिफला नर्स आहे. तिथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरचा एक मेसेज तिने परवा मला पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, हे खरं आहे का गं?" मेसेज असा: ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा, एनएचएस, मुळात चर्चिलची. वेल्सचे अन्यूरिन बेव्हन हे खाणीतले अडाणी कामगार, त्यांनी आयतं श्रेय लाटलं. पुढे फुकट सेवा परवडेना, तेव्हा चष्म्याला आणि कवळीला पैसे लावले तेही त्यांनीच.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो धडधडीत उलटा आहे. एप्रिल १९५१ मध्ये हे पैसे लावले बेव्हनच्याच मजूर पक्षाच्या सरकारातले अर्थमंत्री गेट्सकेल यांनी. कोरियन युद्धामुळे तीन वर्षांत ४७० कोटी पौंड शस्त्रांवर घालायचे ठरले होते आणि त्यासाठी म्हाताऱ्यांच्या कवळ्यांचा निम्मा खर्च त्यांच्याच खिशातून काढायचा होता. बेव्हननी त्यावरून मंत्रिपद सोडलं! एवढा शस्त्रखर्च देशाला झेपणारच नाही, असंही त्यांनी सभागृहात बजावलं. हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेच्या अधिकृत नोंदीत, २३ एप्रिलचं ते निवेदन शब्दन् शब्द आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, पंतप्रधान झालेल्या चर्चिलनाच कबूल करावं लागलं की शस्त्रखर्चाच्या बाबतीत बेव्हनचं बरोबर निघालं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, मला ती खुपत असली तरी. औषधांच्या चिठ्ठीला पैसे घ्यायची मुभा देणारा कायदा १९४९ चा, आणि तेव्हा आरोग्यमंत्री बेव्हनच होते. पण ते पैसे प्रत्यक्षात घ्यायला सुरुवात झाली १९५२ मध्ये, चर्चिलच्या सरकारात.

चर्चिलच्या युद्धकाळातल्या संयुक्त सरकारने १९४४ मध्ये आराखडा काढला होता, हेही खरं. पण १९४६ मध्ये बेव्हनचं विधेयक मतदानाला आलं तेव्हा चर्चिलच्या पक्षाने विरोधात मतं टाकली. मग श्रेय कसलं मागता?

आणि "अडाणी"? तेराव्या वर्षी शाळा सुटली, खाणीत उतरले, हे खरं. त्यानंतर ट्रेडेगारच्या, म्हणजे त्यांच्या वेल्समधल्या गावच्या, कामगारांच्या वाचनालयात पुस्तकं वाचून काढली आणि १९२९ पासून १९६० मध्ये मरेपर्यंत एब्बू व्हेल मतदारसंघातून सलग खासदार राहिले. त्याच ट्रेडेगारमध्ये कामगार पगारातून थोडे पेनी कापून देत आणि त्यातून घरच्यांना डॉक्टर, औषध मिळे. बेव्हननी ५ जुलै १९४८ ला तेच सगळ्या देशाला दिलं. त्यांचे वडील कोळशाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन १९२५ मध्ये गेले होते, आणि त्या आजाराची भरपाई तेव्हा मिळत नव्हती.

बाळा, हे जसंच्या तसं ग्रुपवर टाक.