हे ताट ओलं असताना बघायचंय मला

संग्रहालयात काचेआड ठेवलेलं एक जपानी ताट बघून आले, तेव्हापासून ते मनातून जात नाहीये.

ओरिबे घडणीचं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं. चौकोनी, वर बादलीसारखी मातीचीच कडी. एका कोपऱ्यावर हिरवी झिलई ओतलीय आणि ओघळ जिथे थांबला तिथे राहू दिलाय. उरलेल्या पांढुरक्या अंगावर तपकिरी रेघांची नक्षी. हिरवा रंग तांब्याचा, तपकिरी लोखंडाचा. माती आपल्या लोणच्याच्या बरणीसारखी, दगडासारखी पक्की भाजलेली. ही भांडी मिनो प्रांतातली, म्हणजे आजच्या गिफूमधली. नाव पडलं फुरुता ओरिबेवरून. हा सरदार चहाविधीचा, म्हणजे पाहुण्यांना ठरावीक रीतीने चहा देण्याच्या जपानी सोहळ्याचा, मोठा जाणकार; चहाविधीचा थोर गुरू सेन नो रिक्यू याचा शिष्य. वाकडेपणातलं देखणेपण त्याला दिसायचं. १६१५ मध्ये तेव्हाच्या सत्ताधारी तोकुगावा घराण्याने फितुरीच्या संशयावरून त्याला सेप्पुकू, म्हणजे स्वतःचं पोट चिरून आत्महत्या, करायला लावलं.

आणि ताटाखालच्या पाटीवर काय? नाव, शतक, लांबी-रुंदी. यात काय वाढायचे, याबद्दल एक अक्षर नाही. मला याचा मनापासून राग आला. वाढायचं भांडं आहे ते!

चहाविधीच्या आधी जे जेवण असतं, काइसेकी, त्यात यजमान भाजलेल्या माशाचे तुकडे अशा ताटात मांडून आणतो. एक पाहुणा आपला तुकडा उचलतो, ताट शेजारच्याकडे देतो. कडी आहे म्हणून कडीला धरून उचलायचं नाही, तिचा भरवसा नसतो. खालून हात द्यायचा. आणि वाढण्याआधी भांडं पाण्यात भिजवून घ्यायचं, म्हणजे माशाचं तेल मातीत मुरत नाही, डाग पडत नाहीत. शिवाय भिजल्यावर रंग खुलतो. घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्याचं ताट होतं ते असं, ओलं. आपण बघतो ते कोरडं ठाक.

रोसान्जिन हा विसाव्या शतकातला कलावंत कुंभारकामाकडे वळला तो स्वयंपाकातून. आपल्याच भोजनगृहासाठी त्याने भांडी घडवली. १९५५ मध्ये ओरिबे कामासाठी मिळणारा ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान त्याने नाकारला. त्याची भांडी बघताना पदार्थ आधी आठवतो, तो या भांड्यांचा उगम स्वयंपाकात आहे म्हणूनच.

चारशे वर्षांचं ताट भिजवा, असं मी म्हणत नाही. गिफूमध्ये आजही ओरिबे भांडी घडवतात. त्यातलं एक नवं ताट भिजवून, त्यात मासा मांडून फोटो काढावा आणि या ताटाशेजारी लावावा. पोस्टकार्डाएवढी जागा पुरेल.