इंबरचे गाव आणि आमचा सातबारा

"इंग्लंडमध्ये लष्कराला जमीन लागली की लोक मुकाट्याने देतात, आपल्या लोकांना मात्र देशापेक्षा बांध मोठा वाटतो," असे पुण्याच्या माझ्या चुलतभावाने गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले. नगरजवळच्या के. के. रेंज या रणगाडा-सरावक्षेत्रासाठी जमीन देण्यास राहुरी, नगर आणि पारनेर तालुक्यांतील २३ गावांचा विरोध आहे, त्यावरचे हे मत.

मी गेली अकरा वर्षे इंग्लंडमधील वॉर्मिन्स्टरला राहतो. गावाला लागूनच सॉल्सबरी प्लेन या माळावरचे लष्करी सरावक्षेत्र सुरू होते आणि तोफांनी खिडक्या थरथरल्या तरी कोणी मान वर करत नाही. १८९७पासून सरकार येथे जमीन विकत घेत आले आहे. आज ती सुमारे ३८,००० हेक्टर आहे. गोळीबाराच्या वेळा आधी जाहीर होतात आणि लाल निशाण चढले की वाट बंद होते. आमच्या नगरकडे तोफगोळ्यांचे भंगार वेचताना माणसे दगावली आहेत. त्यामुळे येथली ही शिस्त मला मोलाची वाटते, आणि तसे मी गावाकडे अनेकदा सुनावलेही आहे.

पण मुकाट्याने? याच माळावरील इंबर गावाला १९४३च्या नोव्हेंबरमध्ये ४७ दिवसांत घरे रिकामी करण्यास सांगण्यात आले. बहुतेक लोक कुळे होती, जमीन आधीच लष्कराच्या मालकीची झाली होती, तरी युद्ध संपल्यावर परतता येईल या समजुतीने ती गेली आणि त्यांना कधीच परतता आले नाही. १९६१मध्ये लोक गावावर मोर्चा घेऊन गेले, तेही व्यर्थ ठरले. आता वर्षातले मोजके दिवस चर्च उघडते. शेजारच्या डॉर्सेटमधील क्रिचेल डाउनची ७२५ एकर जमीन १९३८मध्ये बाँबफेकीच्या सरावासाठी घेतली गेली. गरज संपल्यावरही सरकार ती सोडेना, तेव्हा जुन्या मालकांच्या घरातील माणसे भांडली आणि १९५४मध्ये कृषिमंत्री डगडेल यांना राजीनामा द्यावा लागला. गरज संपलेली जमीन आधी मूळ मालकाला देऊ करावी, हा येथला दंडक त्या भांडणातून आला.

आमच्या भागातील माणसांनी मुळा धरणाला जमीन दिली, राहुरीच्या कृषी विद्यापीठाला दिली. आमचे घर धरणग्रस्तच आहे. आताचे रान आजोबांनी दगड वेचून, ताली घालून उभे केले. आमच्या शेतकऱ्याने सरकारकडे किती एकर, किती काळ आणि परत केव्हा हे कागदावर मागितले, तर त्यात देशद्रोह कोणता? रणगाड्यांना सराव हवाच, याबद्दल गावातही दुमत नाही. गावातली किती मुले लष्करात आहेत, हे चुलतभावाला ठाऊक आहे.

हे सारे त्याला लिहिले आणि पाठवण्यापूर्वी थांबलो. ते रान एकटा थोरला भाऊ कसतो; सातबाऱ्यावर मात्र माझेही नाव आहे. हक्कसोडपत्रासाठी मुखत्यारपत्र पाठव, असे दादाने मागच्या दिवाळीत संकोचत सांगितले होते. कागद खणात तसेच आहेत, कारण ते नाव निघाले तर मी कुठला, असे कोणी विचारल्यावर दाखवायला माझ्याकडे दुसरे काही उरणार नाही. उद्या संपादन झालेच तर मोबदल्यातला अर्धा वाटा माझ्या खात्यावर येईल, आणि रान जाईल ते दादाचे.