ओझर ते सोनेगाव: अंतर ५४५, वेळ विचारू नये

नाशिकचे ओझर आणि नागपूरचे सोनेगाव या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ५४५ किलोमीटर आहे आणि पंख्यांचे एटीआर विमान तासाला साधारण ५०० किलोमीटर उडते, एवढी माहिती हाती येताच मी सौभाग्यवतींसमोर कागदावर भागाकार करून दाखवला: एक तास पाच मिनिटे. मेहुणीच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी ती सासूबाईंना घेऊन आदल्या संध्याकाळीच सेवाग्राम एक्स्प्रेसने निघणार होती. "आई, तुम्ही उगाच रात्रभर धक्के खाणार," असे मी सासूबाईंना म्हणालोही. त्या फक्त हसल्या.

तिकिटावर मात्र पावणेदोन तास लिहिलेले निघाले. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या गावी पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा तो काळ असतो. त्यात धावपट्टीपर्यंतचे रांगणे येते, चढण्या-उतरण्यातला मंद वेग येतो, शिवाय शिंपी शिवणीत माया ठेवतो तशी कंपनीही थोडी माया ठेवते. माझ्या खेपेला ती माया पुरली नाही.

नऊ पन्नासच्या विमानासाठी मी सातलाच इंदिरानगर सोडले, कारण तासभर आधी काउंटर बंद होतो आणि वाटेत द्वारका चौक आहे. हा चौक ओलांडायला किती वेळ लागतो याचे उत्तर कोणत्याही भागाकारात बसत नाही. तरीही मी वेळेत पोहोचलो, आणि आपल्याला न्यायला येणारे विमान अद्याप दुसऱ्याच कुठल्या तरी गावी उभे असल्याचे तिथे समजले. ज्या ओझरला मिग आणि सुखोई तयार झाली, तिथल्या प्रतीक्षागृहात मी तीन तास एका समोशाकडे पाहत बसलो. किंमत वाचून त्याच्याशी अधिक जवळीक साधण्याचे धैर्य झाले नाही.

उतरताना तरी घाई साधावी म्हणून मी काउंटरवर आर्जव करून दुसऱ्या रांगेतील खिडकी मिळवली होती. एटीआरमध्ये प्रवाशांचा दरवाजा शेपटीकडे असतो, हे ज्ञान मला सोनेगावला उतरल्यावर झाले. ताडकन उठून, बॅग छातीशी धरून, मान तिरकी करून मी उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांदेखत मागच्या रांगेतील आजोबा काठी टेकत सर्वांत आधी खाली उतरले.

साडूंच्या घरी पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. साखरपुडा आटोपला होता, मांडवातील खुर्च्या एकात एक जात होत्या, आणि सकाळीच नागपूरला उतरून, आंघोळ करून, दोन्ही पंगतींवर देखरेख केलेल्या सासूबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. मी विमानाचा उशीर, वारा, धावपट्टी असे सविस्तर सांगू लागलो, तेव्हा शाळकरी भाच्याने मोबाईल काढून ५४५ ला साडेआठ तासांनी भागले.

"काका, चौसष्ट किलोमीटर पर अवर."

साडूंनी माझ्यासमोर गार झालेल्या वडाभाताचे ताट ठेवले आणि सहानुभूतीने म्हणाले, "बाप्पा! एवढ्या स्पीडनं तं आमची स्कूटरही चालते, भाऊ."