हिशोब मागितला म्हणून गावाचा विकास अडत नाही

ग्रामसभा जवळ आली की आमच्या भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. सरपंच निवडून दिलाय, आता त्याला काम करू द्या. ऑडिट दरवर्षी होतंच, मग वेगळा हिशोब कशाला? घरपट्टी थकवणाऱ्यांनी तर तोंडच उघडू नये. माहिती अधिकाराच्या अर्जांमुळे निधी परत जातो, तेव्हा अशा लोकांवर सरकारी कामात अडथळा आणल्याचं कलम 353 लावा. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत माझे शेजारी आहेत, नातेवाईकही आहेत. ती वाईट माणसं नाहीत, म्हणूनच एकेक मुद्दा धरून उत्तर देतोय.

आधी निवडून देण्याचं बघू. खासदार आपल्या वतीनं संसदेत बसतो, आपण तिथं बसत नाही. गावात तसं नाही. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण स्वतःच ग्रामसभेचा सदस्य असतो. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी लागू झाली, तेव्हापासून ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा आहे. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेपुढे जमाखर्च आणि लेखापरीक्षणाचा अहवाल ठेवावा लागतो. तो कुणापुढे ठेवायचा? आपल्यापुढेच. मग त्यावर कुणी दोन प्रश्न विचारले तर ते सरपंचाशी वैर कसं होतं?

खरी अडचण वेगळीच आहे. ग्रामसभेचा कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, आहे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. तेवढीही माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. मग पाच-पंचवीस जणांत लाखोंची कामं मंजूर होतात. गावानं नको तितकं विचारल्याचं मला कधी दिसलं नाही. गाव सभेला येतच नाही, हे मात्र दरवेळी दिसतं.

ऑडिटच्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण तो सगळ्यांना पटतो. ऑडिट होतं, झालंच पाहिजे. पण लेखापरीक्षक मुख्यतः कागद तपासतो: पावती आहे का, ठराव आहे का, रोकडवहीची बेरीज बँकेच्या पासबुकाशी जुळते का. तुमच्या गल्लीतला रस्ता त्याला दिसेलच असं नाही. समजा, सिमेंट काँक्रीटचा रस्ता आहे. मोजमाप पुस्तकात, म्हणजे एमबीत, लिहिलंय: लांबी 120 मीटर, रुंदी 3 मीटर, जाडी 15 सेंटिमीटर. म्हणजे 54 घनमीटर काँक्रीट, आणि बिलही तेवढ्याचंच. प्रत्यक्षात जाडी 10 सेंटिमीटर भरली, तर माल पडला 36 घनमीटर. 18 घनमीटर काँक्रीट फक्त कागदावर राहिलं, आणि कागद मात्र अगदी जुळतात. वरून बघून जाडी कळत नाही. पण कुणीतरी नव्या नळजोडणीसाठी तोच रस्ता कापतो आणि कडा उघडी पडते. मी अशा चरापाशी उकिडवं बसून गवंड्याकडची टेप लावली आहे. दोन मिनिटांचं काम. ते ऑफिसात बसलेला कुठलाही लेखापरीक्षक करू शकत नाही, त्या गल्लीत राहणारा माणूस करू शकतो.

आणि हे माहिती अधिकार कायद्यात बसतं. 2005 च्या या कायद्यानं फक्त कागदाच्या प्रती मागण्याचा हक्क दिलेला नाही. कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही त्यात स्पष्ट लिहिलाय. अर्जाची फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. माहिती कशाला हवी, याचं कारण सांगण्याची सक्ती नाही.

घरपट्टीचं थोडक्यात. थकबाकी भरलीच पाहिजे, ती वसूल करायला ग्रामपंचायतीला कायद्यानं अधिकार दिलेत. पण हिशोब विचारण्याचा हक्क मतदाराचा आहे, पावतीवाल्याचा नाही. शिवाय गावात येणारा पैसा फक्त घरपट्टीचा नसतो. वित्त आयोगाचा निधी देशाच्या करांतून येतो, आणि साबणाची वडी घेणारी मजूर बाईही तो कर भरते.

आता निधी परत जाण्याबद्दल. माहितीच्या अर्जाला कामावर स्थगिती आणण्याची ताकदच नसते. त्याला 30 दिवसांत उत्तर द्यायचं, एवढंच. निधी पडून राहतो तो आराखडा वेळेत न झाल्यानं, तांत्रिक मान्यता रखडल्यानं, जागेच्या वादानं. मात्र एक गोष्ट मान्य करतो: अर्ज टाकून मागच्या दारानं ठेकेदाराकडे पैसे मागणारे लोक आहेत, आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक अर्जदाराचीही नाचक्की होते. त्यावरचा उपाय कायद्याच्या कलम 4 मध्येच आहे. अंदाजपत्रक, खर्च, कामांची यादी आपणहून जाहीर करा, फळ्यावर लावा. जे सगळ्या गावानं वाचलंय, त्याच्या जोरावर कुणाला कोण धमकावणार?

शेवटचा मुद्दा 353 चा. भारतीय दंड संहितेचं ते कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 132 झालंय. त्यात गुन्हा ठरतो तो लोकसेवकावर हल्ला करणं किंवा त्याला कामापासून रोखण्यासाठी बळ वापरणं. लेखी अर्ज देणं म्हणजे हल्ला नव्हे, सभेत उभं राहून एमबी मागणंही नव्हे. या कलमाची भीती घालून म्हाताऱ्याकोताऱ्यांना गप्प बसवलं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

येत्या ग्रामसभेला या. आपल्याच गल्लीतलं एक काम निवडा आणि त्याचं अंदाजपत्रक आणि एमबी मागा. हजेरीच्या रजिस्टरवर सही घेतात, पण तुमचा प्रश्न प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, उतरतोच असं नाही. तो लिहायला लावा, मोठ्यानं वाचून घ्या, आणि मगच जागेवरून उठा.