तपकिरी रेषा शोभेसाठी नसतात

परवा भाचीनं एक मेसेज पाठवला. 'नकाशा वाचा पाच मिनिटांत' हे शीर्षक, खाली चार युक्त्या आणि शेवटी 'सर्वांना पाठवा'. तोच मेसेज मला त्याआधी तीन ठिकाणांहून आला होता आणि मी तो सोडून दिला होता. पण भाचीनं खाली लिहिलं होतं, "मामा, यावरून आमच्या वाटेचा वेळ काढलाय, बरोबर आहे का बघ." अकरा मुलांना घेऊन ती डोंगर चढणार आहे. आता गप्प बसवत नाही.

पहिली युक्ती सगळ्यात घातक. 'तपकिरी नागमोडी रेषांकडे लक्ष देऊ नका. फूटपट्टीनं अंतर मोजा. माणूस तासाला ५ किलोमीटर चालतो, झाला हिशेब.'

अहो, त्या तपकिरी रेषा म्हणजेच तर डोंगर! त्या समोच्च रेषा. एका रेषेवरची सगळी ठिकाणं समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतात आणि लगतच्या दोन रेषांमध्ये किती मीटरचा फरक धरलाय, ते नकाशाच्या समासात छापलेलं असतं. रेषा विरळ तर चढ हलका, खेटून असतील तर छातीवरचा, एकीवर एक आल्या तर समोर कडा. रेषा इंग्रजी 'व्ही'सारख्या वळल्या असतील तर टोक बघायचं. टोक चढाच्या बाजूला असेल तर ती घळ, उताराच्या बाजूला असेल तर सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत गेलेली धार. पावसात घळीत शिरायचं की सोंडेवरून उतरायचं, हा फरक या टोकावरून कळतो. आणि हा मेसेज म्हणतो, लक्ष देऊ नका.

भाचीचाच हिशेब घ्या. तिचा नकाशा १:५०,०००चा, म्हणजे कागदावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. फूटपट्टीनं ८ सेंटीमीटर भरलं, म्हणजे ४ किलोमीटर. मेसेजप्रमाणे ४८ मिनिटं. मी त्याच वाटेवरच्या रेषा मोजल्या. तीस भरल्या, दर रेषेला २० मीटर, म्हणजे ६०० मीटर निव्वळ चढ. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली नियम सांगितला, तो डोंगरात फिरणारे आजही वापरतात: साधारण ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे ४८ मिनिटांचे झाले १ तास ४८ मिनिटं. तेही दमदार चालणाऱ्याचे, विश्रांती न धरता. ही मंडळी साडेचारला निघणार होती. सूर्य सव्वासहाला मावळतो.

दुसरी युक्ती: 'प्रमाणातला आकडा जितका मोठा, तितका तपशील जास्त.' साफ उलटं. प्रमाण हा अपूर्णांक आहे. खालचा आकडा वाढला की अपूर्णांक लहान होतो. १:२,५०,०००च्या नकाशात १ सेंटीमीटरमध्ये अडीच किलोमीटर कोंबलेले असतात, तिथं पायवाट कुठून दिसणार?

तिसरी, 'उत्तर नेहमी वर'. आजच्या बहुतेक छापील नकाशांपुरतं हे खरं आहे, तेवढं मान्य. पण 'नेहमी' नाही. ११५४ साली अल् इद्रिसी या अरब भूगोलतज्ज्ञानं केलेल्या जगाच्या नकाशात दक्षिण वर आहे. म्हणून आधी दिशेचा बाण बघायचा. शिवाय होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते, खरी नाही. काही ठिकाणी हा फरक नगण्य असतो, पण जिथं १० अंशांचा असेल तिथं एका किलोमीटरमागं माणूस पावणेदोनशे मीटर बाजूला जातो.

चौथी: 'ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दाखवतात, म्हणजे नकाशे खोटेच, मोबाइलवर विसंबा.' आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट आहे, हे खरं. पण ग्रीनलंड असं फुगवणारा तो जगाचा नकाशा मर्केटर या नकाशाकारानं १५६९ साली दर्यावर्दींसाठी केला. एकच दिशा धरून जाणारा मार्ग त्यावर सरळ रेषेत यावा म्हणून आकारमानाचा बळी दिला. एका डोंगराच्या नकाशावर असली ताणाताण जाणवतही नाही. आणि नकाशा आधी उतरवून ठेवला तर मोबाइल रेंजशिवायही जागा दाखवतो, पण बॅटरी संपली की हातात कागदच उरतो.

काल भाचीला वाटेवर दोरा ठेवून मोजायला लावलं, कारण पायवाट फूटपट्टीसारखी सरळ जात नाही. ११ सेंटीमीटर भरलं, म्हणजे साडेपाच किलोमीटर. चढ धरून दोन तासांच्या वर, मुलांची विश्रांती वेगळी. आता ते दुपारी एकला निघणार आहेत.